डेम्प्सीच्या बाजूचा माणूस

रेडीच्या बंदरावर माणसं मासे आणायला जात, परशुराम रोज दुपारी भांडायला जाई. उंडीच्या झाडाखालच्या बाकड्यावर गंगाराम त्याची वाट बघत असे. दोघांनी तरुणपण एकाच बोटीच्या भट्टीत कोळसा ओढण्यात घालवलं होतं, आणि खलाशांच्या गप्पांतून बॉक्सिंगचं वेड घरी आणलं होतं. वाद एकच. वीस सालचा डेम्प्सी आणि चाळीस सालचा लुई समोरासमोर आले असते, तर जिंकलं कोण असतं? गंगाराम डेम्प्सीचा, परशुराम लुईचा. अशी लढत कधी होणारच नव्हती, म्हणून बारा वर्षं वाद ताजा राहिला.

शब्द संपले की दोघे म्हातारे मुठी वळून उठत. दम लागून परशुराम वाळूत बसला, की गंगाराम बाकड्यावर ठोके देत आकडे मोजी. दहा झाले की खेळ खलास. पण नऊ झाले की तो वाकून परशुरामाचं कोपर धरी आणि म्हणे, "ऊठ रे. उरलेली उद्या." दहावा ठोका त्याने कधी दिला नाही.

अठ्ठावन्न सालच्या मार्गशीर्षात परशुरामाची जीभ घसरली. तुझं अर्धं बोट भट्टीच्या दारात गेलं, तू काय मूठ वळणार, असं तो चारचौघांत बोलून बसला. मग लाजेने चार दिवस तिकडे फिरकलाच नाही. पाचव्या दिवशी गंगाराम गेल्याचंच कळलं. चारही दिवस तो अंधार पडेपर्यंत बाकड्यावर बसून होता म्हणे.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. गंगारामाच्या बायकोने, सुभद्रेने, मुलीच्या लग्नाचं, आंब्याच्या कलमांचं, सगळ्याचं वचन देऊन पाहिलं. कावळा मान वाकडी करून बसून राहिला. शेवटी सगळे परशुरामाकडे बघू लागले. त्याने हात जोडले.

"गंगाराम, तुझो डेम्प्सी जिंकलो."

कावळा हललासुद्धा नाही. परशुरामाला रडू फुटलं.

"बरा तर. लुईच जिंकतलो. उद्यापासून येतंय मी, रोज... भांडूक."

कावळ्याने लगेच चोच घातली.

बोलल्याप्रमाणे तो गेला. भर दुपार, रिकामं बाकडं. लुईची बाजू मांडून तो गप्प झाला, तेव्हा शेजारच्या फळीवर एक ठोका पडला. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी तीन, आणि जळत्या कोळशाचा वास. कुणाला सांगायची सोय नव्हती, न जायचीही नव्हती. भीती वाटे, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटे.

नवव्या दिवशी नऊ ठोके पडले आणि कुणीतरी त्याचं कोपर धरलं. तो पडलेला नव्हता, बाकड्यावर नीट बसला होता. तरी तो हात त्याला उठवत होता. 'उरलेली उद्या' मात्र कुणी म्हणालं नाही...

तो तडक सुभद्रेकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. सदऱ्याच्या बाहीवर काळी बोटं उमटली होती. चार पुरी, एक अर्धं. सुभद्रा कितीतरी वेळ त्या अर्ध्या बोटाकडे बघत राहिली.

"उद्या जाव नको, भावजी," ती हळूच म्हणाली. "उद्या दहावो..."

"एकदा चार दिवस मी गेलंय नाय. तां पुरे झाला."

धुवायला म्हणून तिने सदरा काढून घेतला. बाहीखालच्या कातडीवरही तीच बोटं होती, आणि हात लावला तर अजून ऊन लागत होती.