‘गाळ’चा पहिला अल्बम

वेल्ह्याच्या स्टँडवर पासलीची एसटी लागली होती, पण ड्रायव्हरचा पत्ता नव्हता. बाहेर नुसती बुरबुर. पाऊस धड पडतही नव्हता, थांबतही नव्हता. प्रेरणा खिडकीशी बसली होती. तेवढ्यात पाठीवर गिटार लावलेला एक मुलगा आत चढला आणि पलीकडच्या सीटवर टेकला.

“ही पासलीलाच जाते ना?”

“पाटी वाचता येती की तुमाला.”

“येते. पण... विचारलं की जरा धीर येतो.”

तिनं चोरून पाहिलं. केस भिजलेले, डोळे जागरणानं लाल.

“कुणाकडं चाललाय?”

“मित्राच्या घरी. सोमनाथ... आमच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. दोन महिन्यांपूर्वी गाडी घसरून गेला. आमचा पहिला अल्बम होत आलाय. घरच्यांना ऐकवावा म्हटलं, पण आता वाटतंय मधेच उतरावं.” तो थांबला. “तुम्ही ओळखता त्याला?”

प्रेरणानं काचेवरची वाफ बोटानं पुसली.

“भाऊ हाय माजा,” ती म्हणाली. “उतरू नका.”

मुलाचं नाव इंद्रजित. बँडचं नाव ‘गाळ’. पासलीत घरी पोचल्यावर प्रेरणाच्या आईनं, अंबूबाईनं, त्याला चहा दिला. पण त्यानं मोबाईल काढताच ती उठून परसात गेली. ह्याच नादापायी पोरगा पुण्याला राहिला, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

मग गाणी ओट्यावर बसून प्रेरणानंच ऐकली. जड, खरखरीत गिटार आणि घसा सोलून गायलेले शब्द.

“ह्याला पोस्ट-ग्रंज रॉक म्हणतात,” तो म्हणाला.

“आमच्यात ह्याला वरडणं म्हणत्यात.”

तो खळखळून हसला. तीही हसली... आणि लगेच ओढणी तोंडाशी नेत तिनं दाराकडं पाहिलं. घरात हसू नको वाटावं असे दिवस होते ते.

इंद्रजित येत राहिला. कधी नवं गाणं घेऊन, कधी जुनंच घेऊन. भाताच्या खाचरांवर धुकं बसलेलं असायचं आणि दोघं एका इयरफोनची दोन टोकं कानाला लावून ऐकत बसायची. एकदा मात्र तो फार उतरलेला आला.

“अल्बम काढणारे म्हणतात, सोमनाथचं वाजवणं कच्चं आहे. दुसऱ्याकडून वाजवून घ्या.”

“मग?”

“नाही म्हणालो. आता आम्हीच काढतोय. फार कुणी ऐकणार नाही.”

प्रेरणानं त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि काढला.

अल्बम आला त्या दिवशी तो संध्याकाळच्या आत पासलीत हजर होता. अंबूबाई तांदूळ निवडत होती. ह्या खेपेला ती उठली नाही. गाणं लागलं. आधी नुसती शांतता, मग सोमनाथचा आवाज, “एक, दोन, तीन...” आणि कशावर तरी फुटलेलं त्याचं हसू. मग गिटारचा आवाज कोसळला.

सुपातला हात थांबला.

“मागं घे,” अंबूबाई म्हणाली.

त्यानं मागं घेतलं. पुन्हा घेतलं. हसण्याच्या पुढं तिनं गाणं जाऊच दिलं नाही. शेवटी डोळे पुसून म्हणाली, “लई केलंस बाळा. पर आता येऊ नगंस. तू आलास की मी तुज्या मागं बघती... आनखी कोन येतंय का म्हनून.”

प्रेरणा त्याला एसटीपर्यंत सोडायला गेली.

“पहिल्यांदा सोमनाथसाठी आलो,” तो खाली बघत म्हणाला. “नंतर... तुझ्यासाठी.”

“ठाव हाय मला.”

“आणि तुझं काय?”

“तुमी आलात की बरं वाटतं. घरात आई रडती अन् मला बरं वाटतं... ह्येच सोसत न्हाई.”

गाडीनं हॉर्न दिला.

“मग मी काय समजू?”

“येऊ नका असं आई म्हनली. मी न्हाई. वरीस सरू द्या, मी बोलीन तिच्याशी.”

“ती नाही म्हणाली तर?”

“तर परत बोलीन.”

एसटी धुक्यात गेली. प्रेरणा घरी आली तेव्हा अंबूबाई चुलीपुढं बसली होती.

“गेला?”

“गेला.”

अंबूबाईनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग मान वर न करता ती म्हणाली, “पोराला उपाशीच धाडलंस व्हय गं?”

प्रेरणानं तोंड फिरवलं, आणि कितीतरी दिवसांनी तिला मोकळं रडू आलं.