तुडुंब हौद

“शेपट्या, मागे हो! आणि डोळे मीट!” वकील ओरडला.

शेपूट मागे झाला, पण डोळे काही त्याने मिटले नाहीत. ट्रॅक्टरच्या साखळीला बांधलेली ढगी गोठ्याच्या दारातून बाहेर ओढली जात होती. काळ्या ढगांचे ठिपके ल्यायलेली, मामाची सर्वांत लाडकी गाय. एवढी थोराड, की तिच्यासाठी मामाने दाराची चौकट तोडून रुंद करून घेतली होती. आज त्याच रुंद दारातून ती कुठेही न अडखळता, निमूट बाहेर गेली. मागे तिचे वासरू दोरीला हिसके देत हंबरत राहिले.

घुमी भिंतीला टेकून उभी होती. तिला हे नाव वकिलाने दिले होते. वकील म्हणजे मामाचा मुलगा, तोंडाचा पट्टा कधी थांबत नाही म्हणून वकील. घुमीचा धाकटा भाऊ सदा कोणाच्या ना कोणाच्या मागे, म्हणून शेपूट. आणि दहा प्रश्नांना एक उत्तर देणारी बारा वर्षांची ही घुमी. दर सुट्टीत ही भावंडे मामाच्या गोठ्यावर येत, आणि दर सुट्टीत घुमीला वाटे, की जगात बोलण्याची सक्ती नसलेली एवढी एकच जागा आहे.

यंदा मात्र ती जागा आजारी होती.

मामाच्या गोठ्यात तीन जातींच्या गाई होत्या. काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन सर्वांत जास्त. देहाने प्रचंड, स्वभावाने गरीब, दूध बादल्या भरभरून. पण ऊन लागले की धापा टाकणाऱ्या आणि पाणी प्यायला लागल्या की थांबता न थांबणाऱ्या. बिस्किटाच्या रंगाची जर्सी एकच होती. तिचे नावही बिस्कीट. ती चणीने लहान, दूध थोडे पण सायीचे, आणि जिथे तिथे नाक खुपसायची खोड. तिसऱ्या होत्या मामीच्या चार, वशिंडाच्या. मानेखाली लोंबती पोळी, उन्हाला न जुमानणारी कातडी, पोटाला जेमतेम आणि पाणीही बेताचेच. वासरू जवळ असल्याखेरीज पान्हा सोडायच्या नाहीत. त्या कमालीच्या सावध; एकदा जिथे ठेच लागली, तिथे पुन्हा पाऊल नाही. त्यांतली तांबडी घुमीची होती. म्हणजे मालकी मामीची, पण जीव घुमीचा. लहानपणी घुमी हरवली, तेव्हा ती सापडली होती तांबडीच्या पोटाशी झोपलेली.

“दगावलेली ही कितवी?” जनावरांचे डॉक्टर हात धुता धुता हळूच म्हणाले. “रक्त शहरात पाठवलंय. उत्तर आल्याशिवाय मी कसलंच नाव घेणार नाही. पण अंगातलं पाणी पार आटलंय हो. पाणी पितात ना नीट?”

“डॉक्टर, तो हौद बघा!” मामाने बोट दाखवले. “नवा कोरा, पोलादी. कधीही या, तुडुंबच असतो!”

डॉक्टरांनी मान वळवून पाहिले. हौद खरोखरच काठोकाठ भरलेला होता. त्यांनी मान डोलावली.

“मी सांगतो काय झालंय ते,” मामाचा आवाज चढला. “मरतायत कोण? माझ्या गाई. ठणठणीत कोण? हिच्या वशिंडवाल्या! मग रोग आणला कोणी?”

“अहो, असं कसं बोलता?” मामी म्हणाली. “त्या दिवसभर माळावर असतात. तिथलं खातात, ओढ्याचं पितात. त्या कशाला रोग आणतील?”

“बाहेर फिरतात, तेच सांगतोय मी! स्वतःला काही होत नाही, आणि दुसऱ्यांना वाटत सुटतात. उद्या सकाळी ट्रक येतोय. जातील चारही.”

“निदान रक्ताचं कळेपर्यंत थांबा,” डॉक्टर म्हणाले.

“तोवर माझा गोठा रिकामा होईल!”

ट्रक कुठे जाणार, हे कोणी विचारले नाही. शेपूट विचारणार होता, पण घुमीने त्याचा हात इतका घट्ट दाबला, की तो प्रश्न गिळून बसला.

दुपारी तिघे कडब्याच्या गंजीआड बसले.

“मी बाबांशी भांडू शकतो,” वकील म्हणाला, “पण मुद्दा हवा. नुसतं ‘तांबडी चांगली आहे’ हा काही मुद्दा नाही.”

“तांबडी फार चांगली आहे, हा?” शेपटाने विचारले.

“तोही नाही!”

घुमी कडब्याची काडी मोडत होती. मग म्हणाली, “गोठा मुका झालाय.”

“बोलली! बोलली! पण काय बोलली?”

“मागच्या सुट्टीत जुन्या हौदाचा आवाज यायचा. गाई पाणी प्यायल्या, की तो तरंगता गोळा खाली जायचा आणि नळ सुटायचा. फुस्स करून. सारखा यायचा आवाज. या वेळी आल्यापासून एकदाही नाही आला.”

“हौद भरलेला असतो म्हणून.”

“हो ना. पण *भरलेलाच* का असतो?”

वकिलाने उत्तरासाठी तोंड उघडले आणि ते तसेच उघडे राहिले. त्याच्या आयुष्यात हे प्रथमच घडत होते.

तिघे गोठ्यात शिरले. साथ आल्यापासून मामाचा नियम कडक होता. आत जाणाऱ्याने रबरी गमबूट घालायचे आणि दारातल्या औषधाच्या पाण्यात बुडवायचे. शेपटाच्या पायांत मामाचे जुने बूट होते. चालताना तो बुटांच्या मागे आहे की बूट त्याच्या मागे, हे कळत नसे.

हौदाच्या पाण्यावर धुळीची साय धरली होती. तिच्यावर कबुतराचे पीस पडले होते. ते हलतही नव्हते. हौद लोखंडी पाइपाने, वरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या शेजारच्या मोटरीला जोडलेला होता. मोटर नवी, हौदही नवा. दोन्ही या उन्हाळ्याच्या तोंडाशी बसवलेले.

एक होल्स्टीन कालवड जड पावलांनी आली. तिचे डोळे खोल गेले होते, नाक कोरडे पडले होते. तिने मान खाली घातली, ओठ पाण्याला टेकले मात्र, आणि अंगावर आसूड बसावा तशी ती मागे सरली. गेली मात्र नाही. भरल्या हौदासमोर जीभ बाहेर काढून उभी राहिली आणि हंबरली. ढगीही कालपर्यंत अशीच इथे उभी राहत होती.

“पाणी कडू आहे का?” वकील कुजबुजला.

“थांब, मी बघतो!” म्हणत शेपूट धावला. शेणाच्या रेंद्यात त्याचा एक बूट रुतला, पाय तेवढा सुटून बाहेर आला, आणि तोल सावरायला त्याने ओल्या हाताने हौदाची कड धरली.

“आई गं! चावलं!”

“कोण चावलं?”

“हौद!”

“हौद चावला!” वकील खो खो हसला. “ऐकलंत का हो? आता बादली शिंगं मारेल! हे बघ, मी हात ठेवतो. कुठे चावला? हात शाबूत!”

घुमी त्याच्या हाताकडे पाहत नव्हती. ती पायांकडे पाहत होती. वकिलाच्या दोन्ही पायांत रबरी बूट. शेपटाचा एक पाय उघडा, चिखलाने माखलेला.

“हात काढ!” ती किंचाळली. “आधी हात काढ! वीज आहे त्यात!”

वकिलाचा हात आपोआप मागे आला. शेपटाला तिने काखेत धरून उचलले आणि कोरड्या जागी नेऊन ठेवले. वीज थोडी होती म्हणून मुंग्यांवर निभावले. जास्त असती, तर ढगीमागोमाग…

“कुणी पुन्हा हौदाला शिवायचं नाही. अजिबात!”

“पण मोठ्यांना कसं कळलं नाही?” वकील म्हणाला. “सगळे तर दिवसभर इथे—” आणि तो थांबला.

“सगळे बूट घालतात,” शेपूट म्हणाला. “गाईंना कुठे आहेत बूट?”

संध्याकाळी मामा फोनवर ट्रकवाल्याला रस्ता समजावत होता. मुलांचे म्हणणे त्याने अर्धेच ऐकले.

“वीज? अरे, मी रोज कोपरापर्यंत हात घालतो त्या हौदात! वायरमन सगळं चोख करून गेलाय. आणि हिच्या गाईंना नाही का लागत तुमची वीज?”

“त्यासुद्धा तिथे पीत नाहीत, मामा,” घुमी पुटपुटली. “त्या ओढ्यावर—”

“मोठ्याने बोल! नाहीतर बोलू नकोस. उद्या सकाळी तिघांनीही घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मला तमाशा नको आहे.”

घुमीने मान खाली घातली. शब्द तिच्याजवळ होते, पण मामाच्या आवाजापुढे ते ओठांपर्यंत येऊन भरल्या हौदासारखे तिथेच थांबले.

सकाळी ट्रक आला. खोलीला बाहेरून कडी लावायला मामाने मामीला सांगितले होते. मामीने ती जोरात वाजवली. मुलांनी दार ढकलले, तर ते उघडेच होते.

आधी ठरल्याप्रमाणे सगळे घडले. शेपूट ट्रकच्या फळीवर मांडी घालून बसला.

“ए बाळ, ऊठ,” ड्रायव्हर म्हणाला.

“पोटात दुखतंय.”

“मग खाली बसून दुखू दे!”

“खाली बसलं की जास्त दुखतं!”

वकील वडिलांसमोर उभा ठाकला. “बाबा, मला तीन मुद्दे मांडायचे आहेत. पहिला मुद्दा असा की—”

“तू बाहेर कसा आलास?”

“तो चौथा मुद्दा! क्रमाने येऊ.”

तांबडीने फळीवर पाय ठेवायला साफ नकार दिला होता. तिच्या वेसणीची दोरी ताणली गेली होती, वशिंड थरथरत होते. तिने एकदा मान वळवून घुमीकडे पाहिले. घुमी धावत सुटली, ती ट्रककडे नाही. पायांत बूट, हात फडक्याने कोरडे पुसलेले. दूध काढण्याच्या खोलीबाहेरच्या मेन स्विचची लाकडी मूठ तिने दोन्ही हातांनी धरली आणि खाली ओढली.

खट्!

यंत्राची धडधड थांबली. पंखे थांबले. मोटरीचा गुंजारव थांबला. गोठ्यावर शांतता कोसळली.

“कोणी बंद केलं?” मामा धावत आला. मागोमाग नुकतेच पोचलेले डॉक्टर आणि मामी. “कोणी?”

“मी!” घुमी म्हणाली. आवाज गोठाभर घुमला; तिलाही तो अनोळखी वाटला. “मामा, हवं तर मार मला. पण आधी हौदाकडे बघ!”

सगळ्यांनी पाहिले. हौदाकडे एकही गाय गेली नाही.

होल्स्टीन गाई धापा टाकत दूरच उभ्या होत्या. इतके दिवस खाल्लेला मार त्यांना आठवत होता. मामाने मुठी आवळल्या. वकिलाकडेही मुद्दे उरले नव्हते. घुमीला वाटले, हरलो. उशीर झाला, त्या आता कधीच विश्वास ठेवणार नाहीत.

मग बिस्कीट हलली. जिथे तिथे नाक खुपसणारी बिस्कीट! हे बंद पडले तरी काय, हे तिला पाहायचेच होते. तिने लांबूनच मान पुढे केली. कड हुंगली. जीभ लावली. पुन्हा लावली. आणि मग कबुतराच्या पिसासकट सगळे तोंड पाण्यात बुडवले.

घट्. घट्. घट्.

तो आवाज ऐकताच काळ्या-पांढऱ्या गाई लोटल्या. एकीच्या खांद्यावर दुसरीची मान, शिंगाला शिंग. पाणी खाली जाऊ लागले, तरंगता गोळा कलला, आणि वरच्या टाकीचे पाणी नळातून सुटले. फुस्स!

“हळू! एकदम पोटभर पिऊ देऊ नका!” डॉक्टर ओरडले. “तहानलेल्या जनावराला तेही बाधतं! पाळीपाळीने घ्या!” गाईंना मागे सारता सारता ते स्वतःशीच म्हणत होते, “मी विचारलं, आणि भरला हौद बघून गप्प बसलो…”

बोलावल्यावर वायरमन आला. मोटरीची वायर पाइपावर घासून सोललेली निघाली. त्याने मान खाजवली. “अर्थिंग असतं, तर वीज त्या वाटेने जमिनीत गेली असती, झटका हौदात उतरलाच नसता. त्यासाठी जमिनीत ठोकायचा तांब्याचा दांडा आणून ठेवला होता मी. उद्या येऊन ठोकतो म्हटलं होतं… कुठे गेला तो?”

मामाने अंगणाच्या कोपऱ्याकडे पाहिले. सगळ्यांचे डोळे तिकडे वळले. ढगीचे वासरू एका चकचकीत तांबूस खुंट्याला बांधलेले होते. खुंट्याच्या डोक्याशी हिरव्या वायरीचा तुकडा लोंबत होता.

“चांगला मजबूत वाटला,” मामा एवढेच म्हणाला.

ट्रक रिकामाच परत गेला. रक्ताचा अहवाल यायचा तेव्हा येणार होता, पण डॉक्टरांनी घुमीच्या पाठीवर थाप मारली. “मी गाई तपासल्या. तू त्यांचं ऐकलंस. वाघीण आहेस!” वकिलाला त्यांनी खराखुरा वकील हो म्हणून सांगितले, आणि शेपटाला विचारले, पोट कसे आहे?

“भूक लागलीय,” शेपूट म्हणाला. मामी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने तिघांना एकदम कुशीत घेतले.

मामा मात्र हौदापाशी बसला होता. पायांतले बूट त्याने काढून ठेवले होते. घुमी जवळ गेली.

“ती इथे उभी राहून माझ्याकडे बघायची,” तो म्हणाला. “आणि मी म्हणायचो, अगं, समोर एवढं पाणी आहे, पी की!” त्याने वर पाहिले. “काल तुला मोठ्याने बोल म्हटलं मी. चुकलं माझं. तू नीटच बोलत होतीस.”

घुमी कोपऱ्यात गेली, ढगीच्या वासराचा दोर त्या दांड्यावरून सोडवला आणि त्याला हौदाशी आणले. काठावर गाईंच्या माना ओळीने वाकल्या होत्या. मधोमध एका थोराड गाईपुरती जागा रिकामी होती. दुसऱ्या कोणी ती घेतली नव्हती. वासरू तिथेच जाऊन उभे राहिले.

सर्वांत शेवटी तांबडी आली. थांबली, हुंगली, घुमीकडे पाहिले, पुन्हा हुंगली. मग दोन घोट प्याली आणि मान वर केली. तिला तेवढेच लागत असे.

नळ हलकेच फुस्स करून सुटला आणि बंद झाला.