चारशे अकरा नंबरची डबी

माणसानं कुणाच्या दुकानात बसावं तर नीट बसावं, नाहीतर दारातूनच परत जावं. हा डबीवाला दोन्हीतलं एकही करायचा नाही. टेकायचा, कप तोंडाला लावायचा, घड्याळ बघायचा आणि अर्धा चहा तसाच ठेवून पळायचा. का, तर लॅबमधल्या डब्यांतल्या पेशींना खाऊ घालायची वेळ झाली. रविवार नाही, सुट्टी नाही. आत्याच्या शिलाईच्या दुकानात तिच्या हातचा चहा आजवर कुणी टाकला नव्हता. ते अर्धे कप विसळताना तिचा जीव नुसता चरफडायचा.

पहिल्याच दिवशी त्यानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतला होता. समोरच्या लॅबमधून पांढरा कोट घेऊन आला, खिसा फाटलेला. टेबलाशी आत्याची भाची, बारकी, एका कोटाला अस्तर लावत होती. वय सव्वीस. पण पंधराव्या वर्षापासून अंगातली चरबी झडत गेलेली, गाल आत, हातांवर शिरा दोऱ्यासारख्या उठलेल्या. नवखा माणूस तिला पन्नाशीची समजायचा.

“काकू, एवढा खिसा शिवून मिळेल?”

बारकीनं सुई थांबवली. त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“मिळेल, पुतण्या. आधी त्यातली पेनं काढ.”

“सव्वीस वर्षांची आहे ती,” मशीनमागून आत्या म्हणाली. “तुमचं वय काय?”

“एकतीस...” त्याचे कान लालबुंद झाले. दोनदा माफी मागितली. पण नजर चोरली नाही, तेवढं आत्यानं त्याच्या बाजूनं धरलं.

मग दर आठवड्याला त्याचं काही ना काही तुटायला लागलं.

“पुतण्या, हे बटण कात्रीनं कापलंय,” बारकी म्हणायची.

“नाही, ते — आपोआप...”

“बरी सरळ रेषेत तुटतात तुमची बटणं.” आणि ती मान खाली घालून हसायची. लोकांनी बघू नये म्हणून ओढणीआड हसणारी पोर, त्याच्यासमोर ओढणी विसरायची.

एकदा आत्यानं विचारलं, “त्या डब्यांत असतं तरी काय?”

“काही माणसं वेळेआधी म्हातारी दिसायला लागतात, अंगावरची चरबी जाते. त्यांच्या पेशी वाढवतो मी.” त्यानं टेबलावरचा कोट उलटा केला. “पेशीच्या मध्यात केंद्रक असतं. त्यालाही असं आतून अस्तर असतं. या लोकांत ते आखडतं, चुण्या पडतात. मग जी पेशी चरबीनं भरायला हवी, ती भरत नाही. रिकामीच राहते, लवकर थकते.”

“अस्तर आखडलं की वरचं कापड कितीही भारी असो, कोट बसत नाही,” बारकी हळूच म्हणाली.

तो तिच्याकडे बघतच राहिला. चहावर साय धरली.

“माझ्याकडे एक चारशे अकरा नंबर आहे,” तो म्हणाला. “बाकीच्या डब्या मान टाकतात. ही हट्टी. भरत नाही, पण मरतही नाही. सकाळी आधी तिच्याकडेच जातो.”

बारकीचा टाका चुकला. आत्यानं पाहिलं आणि ओठ मिटले. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात अभ्यासासाठी बारकीच्या दंडाची चिमटीभर कातडी घेतली होती. लॅबला नाव कळत नाही, फक्त नंबर. चारशे अकरा लिहिलेली ती चिठ्ठी बटणांच्या डब्यात होती.

पुढच्या खेपेला तो बटण न आणताच आला.

“तुम्ही माझ्याबरोबर — म्हणजे, एखाद्या संध्याकाळी...”

बारकीनं डब्यातून चिठ्ठी काढून त्याच्यासमोर ठेवली. “आधी हे वाचा. मग नक्की ठरवा, तुम्हाला मी हवी, की डबी.”

त्यानं वाचलं. चेहरा कोटासारखा पांढरा पडला. या वेळी तर कपाला हातही न लावता उठला आणि गेला.

तीन आठवडे पत्ता नाही. रस्ता ओलांडायचा फक्त, पण नाही. बारकी एक अक्षर बोलली नाही. बोलले ते कोट. तीन कोटांची अस्तरं तिनं आखडून घातली. दहा वर्षांत जिचं एकही अस्तर बिघडलं नव्हतं, तिनं. आत्या ते कोट खुंटीला टांगत गेली आणि आतल्या आत उकळत राहिली.

चौथ्या सोमवारी तो दारात उभा.

“निरोप धाडायला हात मोडले होते?” आत्या म्हणाली.

“चारशे अकरा सोडली मी,” तो बारकीला म्हणाला. “डबी कुणाची ते कळल्यावर माझ्याकडे ठेवता येत नाही. साहेबांना सगळं सांगितलं. तिचं सगळं काम दुसऱ्या बाईंना शिकवलं. ते संपेपर्यंत यायला तोंड नव्हतं.”

“दोन वर्षांचं काम तुमचं...” बारकीनं सुई टेबलावर ठेवली. “दया आली म्हणून?”

“दया करायची असती तर डबी ठेवून घेतली असती. त्या पेशींना मीच हवा होतो असं नाही. मला — इथं यायचं होतं.”

“माझा चेहरा भरेल कधी?”

तो खोटं बोलला नाही. “माहीत नाही. बहुतेक नाही.”

“लोक मला तुमची आई समजतील.”

“समजू देत. पुतण्या होऊन झालंय माझं.”

बारकी हसली. ओढणी खांद्यावरच राहिली. त्यानं टेबलावरची सुई उचलून तिच्या हातात दिली, आणि बोटं तिथंच ठेवली...

आत्यानं चहा आणून त्याच्यापुढे आदळला. खुंटीवरचे तिन्ही कोट काढून त्याच्या मांडीवर टाकले, वर कात्री ठेवली. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला अरेतुरे केलं.

“तुझ्यापायी बिघडलेत हे. बस आणि तिन्ही अस्तरं उसव. बुद्धी आहे, अक्कल यायची आहे. पण माणूस टाकून देण्यातला नाहीस. आधी चहा संपव.”