कोपरापर्यंतचं माप

श्रावणातलं आभाळ भरून आलं, खिडकीतला उजेड गेला, म्हणून मथुरा बाकावरून उठली आणि बाटली उंच धरून उभी राहिली... नेमका त्याच वेळी ज्योतीराम सुतार आत आला.

“उभ्यानं काम करनाऱ्या बाई तुमीच न्हवं?”

“नाही हो, मी तर—”

“मग ऱ्हावा तशाच. हलू नका.”

आणि त्यानं खिशातली सुतळी काढून जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंत माप घेतलंसुद्धा. बोटही लागू दिलं नाही. पण कान मात्र लालबुंद झाले होते. मथुराला हसू आवरेना.

पिंपरीच्या त्या औषध कारखान्यात मुली दिवसभर बाकावर बसून बाटल्यांतला कचरा शोधत. बसलं की पेंग येते, उभ्यानंच काम झालं पाहिजे, असं नव्या साहेबांच्या मनानं घेतलं. आठवडाभर एका मुलीनं उंच टेबलापाशी उभं राहून बघायचं होतं. ती मुलगी कोण, हे अजून ठरायचं होतं. सुतारबुवांनी परस्पर ठरवून टाकलं!

टेबल आलं आणि ज्योतीराम रोज यायला लागला.

“आज काय बिघडलं?” मथुरानं विचारलं.

“डावा पाय हलतोय.”

“टेबलाचा की तुमचा?”

“...दोनीबी.”

शेजारच्या मुली तोंडाला पदर लावून हसल्या. मथुरा वरवर रागावली. पण विभागाच्या प्रमुख कुसुमताईंकडे तिनं हळूच चौकशी केली, आणि जातही एकच निघाली. मग काय, पोरगी हवेतच!

हवेत असली तरी पाय जमिनीवरच होते, आणि ते टम्म सुजले. ज्योतीरामाला ते आधी दिसलं.

“साहेबाला खरं सांगा. उभ्यानं जमत न्हाई म्हना.”

“आणि तुमचं काय?”

तो खाली बसून टेबलाचा पाय ठोकायला लागला. टेबल पसंत पडलं तर सगळी टेबलं तोच करणार आणि नोकरीत कायम होणार, हे कुसुमताईंनी मथुराला सांगितलं होतं. स्वतःचं नुकसान करून माझ्या पायांची काळजी करतो... असा माणूस कुठे मिळतो? तिचं ठरलं.

शनिवारी साहेबांनी विचारलं. दारात उभा राहून ज्योतीराम नकारार्थी मान हलवत होता.

“काही त्रास नाही, साहेब,” मथुरा म्हणाली. “उलट बरं वाटतं.”

बाकं उचलली गेली. मुली मथुरावर चिडल्या. पुढे सगळी टेबलं झाली, ज्योतीराम कायम झाला आणि पेढे घेऊन आला. पण नजर वर उचलेना.

“लगीन ठरलं माजं.”

“कुणाशी?” तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

“मामाच्या पोरीसंगं. बाप गेला तवापास्नं मामानंच वाढीवलं. दिवाळीपतोर कायम झालास तर पोरगी तुजी, न्हाईतर दुसरीकडं दीन म्हनला व्हता.”

मथुराला आता कुठे सगळं कळलं.

“म्हणून... जमत नाही म्हणा, म्हणत होतात?”

“व्हय. हंगामीच ऱ्हायलो असतो, तर तुमच्या घरी मागनी घालाया आलो असतो.”

“मग मला सांगायचं ना!”

“कसं सांगू? तुमच्या मनात काय हाय, कुठं ठाव व्हतं? अन् पाय तर खरंच सुजलं व्हतं...”

“मी तुमच्यासाठी खोटं बोलले, ज्योतीराम. माझा जीव जडला होता तुमच्यावर.”

“माजाबी हाय. पर ज्याच्या घरचं खाऊन वाढलो, त्याला आता कोनत्या तोंडानं न्हाई म्हनू?”

म्हणा की! असं तिला ओरडावंसं वाटलं. पण मामाला न जुमानणारा ज्योतीराम तिला आवडला असता का? तिचं तिलाच सांगता येईना.

“तिचं नाव काय?”

“गवरा.”

“तिला सुखात ठेवा. तिला रडवलंत, तर मी कशासाठी उभी राहिले?”

तो गेला. हातात पेढा तसाच धरून मथुरा खिडकीकडे तोंड करून रडली. मागून कुसुमताई “मथुरे, बाटल्या तुंबल्यात गं” म्हणाल्या, तशी तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुढची बाटली उजेडाला धरली. तिला त्यात काहीच दिसत नव्हतं.