पाहुण्याची गोधडी

नलियाकडच्या त्या गावात घरं बांधतात ती उन्हाला तोंड द्यायला. खिडक्यांना झडपा नाहीत, छपराखाली वारा खेळायला हातभर फट. त्यामुळे पौषातल्या एका सकाळी बकऱ्यांच्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा दिसला, तेव्हा सगळं गाव गांगरलं. कच्छात थंडी पडते, पण इतकी नाही. वालबाईने खिडक्यांत गोणपाटं कोंबली, वेड्या बाभळीचा कोळसा शेगडीत पेटवला आणि थंडीला मनसोक्त शिव्या दिल्या.

शिव्यांमागे भीती होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली तिची मेगी दिवस भरायच्या आतच बाळंत झाली होती. मुलगी अगदी मूठभर. आठव्या दिवशी तिचे तळपाय निळे पडले, ती दूध ओढेना. नर्सबाई येऊन बघून गेली. हिला ऊब द्या, ऊब हेच औषध, म्हणाली.

घरातली पांघरुणं आधीच संपली होती. भिंतीशी पाहुण्यांच्या गोधड्यांची उंच चळत होती, सगळ्या वालबाईनेच शिवलेल्या. त्यांना घरच्यांनी हात लावायचा नाही, ही रीत. पाहुण्याची गोधडी उलगडली म्हणजे पाहुणा आला, आणि आलेल्याला कधी जाणार असं विचारायचं नाही. वालबाईने वरची गोधडी ओढली.

"अगं, पाहुणा कुठाय?" तिचा नवरा करसन दारातून म्हणाला.

"ही काय, एवढीशी. तुम्ही आधी दार लावा. अक्कल मग शिकवा."

गोधडी ऊबदार लागली. शेगडी तर पार दुसऱ्या कोपऱ्यात होती. उन्हात तापलेल्या कापडाची ऊब वालबाईला ठाऊक होती. ही अंगाची होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. तिने दोनदा हात फिरवला आणि पोरीला तीत गुंडाळलं. दुपारपर्यंत तळपाय गुलाबी झाले. पोर दूध प्याली तेव्हा मायलेकी दोघी रडल्या.

दुसऱ्या सकाळी बाळंतिणीच्या खाटेचा सुंभ मधोमध खाली झोळला होता. करसनने तो आवळला, मेगीच्या खाण्यावरून तिला चिडवलंही. संध्याकाळी सुंभ पुन्हा सैल.

पाच दिवसांनी थंडी ओसरली. वालबाईने गोधडी घडी करायला काढली. पोरीचे ओठ तिथल्या तिथे काळे पडले. तिने गोधडी घाईने परत तिच्यावर घातली.

होळीला पुन्हा काढून पाहिली. पुन्हा तेच. भुजच्या डॉक्टरला काही सापडलं नाही, वजन तर छान वाढत होतं. मेगीचं सासरी जाणं लांबत गेलं.

वैशाखात गाव भट्टीत घातल्यासारखं तापलं. एका दुपारी वालबाई आत आली. पोर भिंतीकडे गोधडीत गाढ झोपलेली, गुटगुटीत, कपाळ कोरडं ठणठणीत. मेगी गोधडीबाहेर, खाटेच्या पार कडेला अंग चोरून पडली होती.

"मेगी, पडशील. सरक ना आत."

मेगीने डोळे उघडले नाहीत. "कुठे सरकू, मा?"

वालबाईने गोधडीखाली हात घातला.

पोरीच्या बाजूचं कापड कोरडं होतं. मधलं घामाने चिंब.

तिने हळूच हात काढून घेतला. मग पंखा उचलला, खाटेशी बसली आणि मधल्या जागेला वारा घालू लागली.