खिशातला फ्यूज

करंटताईच्या डाव्या खिशात हात घालायची तिच्या नवऱ्यालासुद्धा परवानगी नव्हती. उजव्या खिशात काय वाट्टेल ते असायचं. रुमाल, खडू, अर्धवट खाल्लेलं बिस्किट. डावा खिसा मात्र फ्यूजचा. कुठल्याही घरी कामाला गेली की ती आधी मेन स्विच पाडून बंद करायची, मग मेनचा चिनीमातीचा फ्यूज ओढून काढायची, डाव्या खिशात टाकून वरून बटण लावायची आणि मगच हत्यारांची पिशवी उघडायची. घराचा करंट आता माझ्या खिशात आहे, असं ती घरच्यांना बजावून सांगायची. त्यावरूनच आपल्याला हे नाव पडलं असं तिचं म्हणणं. तिच्या जिभेवरून पडलं असं बाकीच्यांचं.

ही शिस्त मास्तरांची. मास्तरांनी तिला वायर सोलण्यापासून सगळं शिकवलं, मागे लागून लायसनच्या परीक्षेला बसवलं, आणि अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी घाईघाईत स्वतःच फ्यूज खिशात न टाकता बोर्डावर ठेवला. घरमालक भला माणूस. निघून आला असेल म्हणून त्यानं तो उचलून जागेवर बसवला. मास्तर तेव्हा शिडीवर होते आणि ती खाली शिडी धरून उभी होती. यावर ती कधी बोलत नसे. खिशाचं बटण तेवढं दोनदा चाचपायची.

त्या दिवशी सकाळी तिला फोन आला तो थेट प्रसूतिगृहातून. आठ दिवसांची बाळंतीण, पण आवाज खणखणीत. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर मुलगी झालीय, घरी सगळे नुसते नाचताहेत, आज चार वाजता नवरा आम्हाला घेऊन निघणार आहे, पण लायसनवाल्या माणसानं घर तपासून कागदावर सही केल्याशिवाय मी बाळाला आत नेणार नाही, असं तिनं एका दमात सांगितलं. सही झाली नाही तर गाडी सरळ माहेरी वळणार होती. गेल्या वर्षी न्हाणीघराच्या नळाला हात लावताच तिला असा झटका बसला होता की दोन दिवस दंड हलत नव्हता. वायरिंग कुणी केलंय, असं करंटताईनं विचारलं. पलीकडून एक मोठा सुस्कारा आला.

"माझ्या सासऱ्यांनी."

घर शहराच्या टोकाला, उतारावर, एकटंच. शेजारचं घर हाकेच्याही पलीकडे. दारात फुगे, फाटकाला रंगीत कागदाच्या माळा. सासरे, म्हणजे घरचे आबा, शिडीवर चढून अजून एक माळ बांधत होते. पोस्टातून निवृत्त झालेला हसतमुख माणूस, कानामागे स्क्रूड्रायव्हर. त्यांना वाटलं होतं, सूनबाई चेष्टा करतेय. नऊ वर्षांपूर्वी हे घर बांधलं तेव्हापासून एकाही वायरमनला त्यांनी आत पाऊल ठेवू दिलं नव्हतं.

घर पाहताना करंटताईनं कपाळाला इतक्यांदा हात लावला की शेवटी तो तिथंच राहिला. फ्रिज उघडला की दारावरची घंटा वाजायची. न्हाणीघराच्या दिव्याचं बटण स्वयंपाकघरात होतं. एका बटणावर सुवाच्य अक्षरात 'हे दाबू नये' असं लिहिलेलं, आणि का दाबू नये ते आबा स्वतःच विसरले होते. जिकडेतिकडे चिकटपट्टी. आबांच्या पत्नी, माई, फ्रिज उघडताना लाकडी उलथनं वापरायच्या. नऊ वर्षांत सवय झाली हो, असं त्या अगदी गोड हसून म्हणाल्या. माणसं अशी लोभस की रागवायचं तरी कुणावर? ती तरीही रागावली. आबांनी सगळं मान खाली घालून ऐकलं आणि मग हळूच विचारलं, पंखा मात्र चांगला बसवलाय ना?

व्हरांड्यातल्या पेटीत मेन होता. तिनं तो पाडला, फ्यूज काढला, खिशात टाकला, बटण लावलं. फ्रिजची घरघर थांबली. पंखे थांबले. घर एकदम शांत झालं.

छोट्या खोलीतला दिवा मात्र चालूच होता.

ही बाळाची खोली. नवा पिवळा रंग, पाळणा, खिडकीला स्वच्छ पडदा, आणि मधोमध छतावरून लोंबणारा साधा पिवळा बल्ब. तो तसाच असतो, आबा अभिमानानं म्हणाले. नऊ वर्षांत एकदाही विझला नाही की बदलावा लागला नाही. बटण दाबा, नका दाबू, सारखंच. बाहेर वीज गेली तरी या खोलीतली कधी जात नाही. माईंनी भर घातली की घरात हसणं-खिदळणं असलं की तो जरा जास्तच उजळतो. बाळ झाल्याचा फोन आला तेव्हा तर खोलीत डोळे दिपले होते.

करंटताईनं मनात म्हटलं, आबांनी खांबावरून चोरून लाइन ओढलीय. तसं असेल तर बाळाच्या डोक्यावर उघडा मृत्यू टांगलेला होता. तिनं तासभर छत, भिंती, गच्ची, सगळं धुंडाळलं. बाहेरून येणारी एकच वायर होती, मेनची. शेवटी स्टुलावर चढून तिनं बल्बच्या वायरला टेस्टर लावला. टेस्टर लागला नाही. मीटर लावला. काटा हलला नाही. बल्ब तिच्या कानाजवळ मंद ऊब देत जळत होता.

तिनं छतावरची वाटी फिरवून खाली घेतली. या वाटीच्या आत वायरीला गाठ मारतात, बल्बचं वजन जोडावर येऊ नये म्हणून. गाठ होती. गाठीच्या वर दोन टोकं होती, नीट सोललेली, नीट पिळलेली. ती कशालाच जोडलेली नव्हती. छतातून खाली आलेली वायर वेगळीच, एका बाजूला, चिकटपट्टी गुंडाळून ठेवलेली. खाली बल्ब जळतच होता.

पण करंटताई थबकली ती त्यानं नाही. गाठीनं. सगळे वायरमन ही गाठ उजवीकडून मारतात. मास्तर डावखुरे होते. ते डावीकडून मारायचे आणि शेवटी एक जास्तीचा पीळ द्यायचे, आणि तो पीळ त्यांनी आयुष्यात एकाच माणसाला शिकवला होता. ती गाठ तिनं स्वतः मारली असती तर अशीच दिसली असती.

खाली येऊन तिनं आबांना विचारलं, ही गाठ कुणी मारली? आबांना वाटलं, पुन्हा काहीतरी चुकलं. गाठ मारतात हेच त्यांना ठाऊक नव्हतं. या खोलीत त्यांच्याशिवाय कुणी काम केलेलं नव्हतं. घर नऊ वर्षांचं, आणि मास्तर जाऊन अकरा झाली होती. करंटताईनं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, मग वर चढून वाटी होती तशी बसवली. हे कोडं नंतर, असं तिनं स्वतःला बजावलं. चारला बाळ येतंय, आणि नळाला करंट आहे तो आहेच.

मग तिनं कंबर कसली. नळाचा झटका का बसतो ते सापडलं. आबांनी जमिनीत जाणारी अर्थिंगची वायर नळाच्या पाइपाला बांधून ठेवली होती. ती सोडवली, नीट जमिनीत नेली. करंट गळला की आपोआप पडणारा नवा ब्रेकर बसवला. चिकटपट्टीची एक अख्खी टोपली भरली. माई चहा घेऊन दोनदा आल्या, दोनदा तो गार झाला. आबा मागे मागे फिरत प्रत्येक गोष्ट विचारत होते, आणि एका वहीत लिहून घेत होते. या वयात शिकायची एवढी हौस पाहून तिचा राग केव्हाच पळाला. तिलाही मजा यायला लागली.

साडेतीनला फक्त छोट्या खोलीतला पाळण्याशेजारचा सॉकेट राहिला. त्यातलं जुनं सगळं काढून तिनं उघड्या तारा हातात घेतल्या.

इकडे स्वयंपाकघरात माईंच्या लक्षात आलं की बाळाच्या अंघोळीला गरम पाणीच नाही. गिझर बंद. आबांनी विचार केला, आणि तो विचार त्याच घरातल्या माणसाला सुचेल असा होता. बाई काम करताहेत छोट्या खोलीत. छोट्या खोलीचा आणि मेनचा नऊ वर्षांत कधी काही संबंध आला नाही. मेन बंद केला तरी तिथं दिवा असतो, मग चालू केल्यानं तिथं काय फरक पडणार? फ्यूज बाईंच्या खिशात, त्यांना कशाला त्रास द्या. त्यांनी खणातून तांब्याच्या तारेचा तुकडा काढला, फ्यूजच्या रिकाम्या जागी पक्कडीनं घट्ट बसवला, आणि मेनच्या दांड्याला हात घातला.

छोट्या खोलीत बल्ब विझला.

करंटताईचं डोकं वर गेलं.

नऊ वर्षं न विझलेला दिवा. काच काळी पडलेली नाही, तार शाबूत. नुसता विझला, कुणीतरी डोळे मिटावेत तसा.

तिनं हातातल्या तारा सोडल्या. का सोडल्या, ते तिला आजही सांगता येत नाही.

व्हरांड्यात खट्कन आवाज झाला.

तारा खाली पडताना एकमेकींना घासल्या आणि निळी ठिणगी उडाली. जळका वास आला. पंखा गरगरायला लागला.

मग, सावकाश, बल्ब पुन्हा लागला.

ती धावत बाहेर आली. तिनं मेन पाडला, तांब्याची तार उपसून पिशवीत टाकली, आणि तिचा चेहरा पाहून आबांना सगळं कळलं. ते मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. तीही त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. माईंनी दोघांच्या पाठीवरून हात फिरवला. मग तिनं आबांना मास्तरांची गोष्ट सांगितली, सगळी, शिडी धरल्याचीसुद्धा. अकरा वर्षांत पहिल्यांदा. सांगून झाल्यावर तिला फार हलकं वाटलं.

सुदैवानं गाडी यायला चार म्हणता म्हणता साडेपाच झाले. सॉकेट बसवून ती स्क्रू आवळत होती तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला, आणि मग त्या घरात कोण कुठं पळतंय काही पत्ता राहिला नाही. आबा एक चप्पल घालून धावले. माई फुगा फोडून घाबरल्या आणि हसत सुटल्या. कुणीतरी मेन वर केला, दिवे लावले, पंखे लावले. बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, लालबुंद, आणि या सगळ्या गोंधळाकडे अजिबात लक्ष न देता जांभया देत होतं. सूनबाई मात्र फाटकातच उभी राहिली. करंटताईनं तिच्यासमोर नव्या ब्रेकरचं तपासणीचं बटण दाबलं, तो खट्कन पडला, तिनं परत वर केला. मग नळाला हात लावून दाखवला. माईंनी उलथन्याशिवाय फ्रिज उघडला आणि घंटा वाजली नाही, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग सूनबाई आत आली. छोट्या खोलीच्या दारात तिनं वर पाहिलं.

"याचं काय? इथं निजवू ना तिला?"

हातात मीटर नसताना करंटताईनं उभ्या जन्मात कुणाला कशाची खात्री दिली नव्हती. तिनं बल्बकडे पाहिलं. तो जळत होता, डोळे दिपतील असा.

"इथंच निजवा," ती म्हणाली. "आणि हा कधी विझला, तर आधी बाळाला उचलून बाहेर पडायचं. मग मला फोन."

कागदावर तिनं एकेक ओळ लिहिली. अर्थिंग ठीक. ब्रेकर ठीक. छोट्या खोलीतला दिवा कुठल्याही लाइनवर नाही, काढू नये. खाली सही केली. आबांनी तो कागद चौकटीत लावायचं ठरवून टाकलं. खिळा मात्र दुसऱ्या कुणालातरी ठोकू द्या, असं सूनबाईनं लगेच सांगितलं. सगळे हसले. करंटताईला केक खायला लावला, बाळ हातात दिलं. बाळानं तिचं बोट घट्ट धरलं आणि झोपून गेलं. इतका चांगला दिवस तिला फार वर्षांत मिळाला नव्हता.

ती निघाली तेव्हा दिवेलागण झाली होती. फाटकाबाहेर येऊन तिनं पिशवी खांद्याला अडकवली आणि सवयीनं डाव्या खिशाचं बटण चाचपलं.

बटण लावलेलं होतं. आत काहीतरी जड होतं.

तिनं फ्यूज बाहेर काढला. पिशवी उघडून पाहिली. आबांची तांब्याची तारही तिथंच होती. मागे वळून पाहिलं. व्हरांड्यातल्या पेटीचं झाकण उघडंच राहिलं होतं. वरच्या दिव्याच्या उजेडात मेनचा दांडा वर केलेला दिसत होता, आणि फ्यूजची जागा रिकामी.

घराच्या सगळ्या खिडक्या उजळल्या होत्या. पंखे फिरत होते. आत आबा काहीतरी म्हणाले आणि सगळे हसले, आणि छोट्या खोलीची खिडकी आणखी उजळली.

ती फ्यूज हातात धरून रस्त्यात उभी राहिली. माईंचा आवाज आला, गिझर लाव गं, बाळाला पुसून घेऊ. आत बटण दाबल्याचा बारीक आवाज झाला.

गिझरचा भार आल्यावर व्हावा तसा तिच्या तळहातावरचा फ्यूज हळूहळू गरम झाला.