इंजिन निवताना

गाडी आवाज करते म्हणून घाबरून आलेल्या गिऱ्हाइकाला मी आधी स्टुलावर बसवतो. आवाज करणं हा इंजिनाचा धर्मच आहे. मुकं इंजिन म्हणजे बंद पडलेलं इंजिन. टॅपेट हलकेच वाजतात, चिपळ्या वाजाव्यात तसे, वाजू द्यावेत. सकाळच्या गारव्यात टायमिंग चेन किरकिर करते आणि ऊब आली की गप्प होते. तिचंही मनावर घेऊ नये. पण गाडी ओझं ओढताना पोटातून ठक-ठक आली, तर मात्र तिथंच थांबावं. मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला लावतो आणि डोळे मिटतो. बायको म्हणते, "इतकं ध्यान देवापुढं लावलं असतंत, तर एव्हाना तो घरी जेवायला आला असता." मी म्हणतो, आला असेलही, तुझं बोलणं संपायची वाट बघत दारात उभा असेल.

वहिनी गाडी ढकलत आल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वहिनी म्हणजे आमच्या ड्रॉइंग मास्तरांच्या पत्नी. मास्तर माझे जुने दोस्त. शिडीवरून पडल्यापासून हॉस्पिटलात डोळे मिटून होते. श्वास चालू, बाकी सगळं बंद. त्यांची मोटारसायकल घराच्या पडवीत उभी असायची आणि वहिनी तिच्या शेजारीच मशीनवर कपडे शिवत बसायच्या.

"भाऊजी, हिचा एक आवाज येतो. नेहमीचा आहे की लक्ष घालायला हवं, तेवढं सांगा."

"चालवताना येतो?"

"चालवतंय कोण? उभ्या उभ्या येतो. टिक, टिक, टिक. मग अंतर पडत जातं आणि थांबतो."

मला हसू आलं. सगळ्यांत निरुपद्रवी आवाज तो. लांबून आलेलं इंजिन निवायला लागलं की धातू आकसतो आणि टिकटिकतो, दमलेला माणूस खुर्चीत टेकल्यावर सुस्कारे सोडतो तसा.

"वहिनी, हा तर नेहमीचाच..." म्हणता म्हणता मी थांबलो.

निवायला आधी तापावं लागतं.

"किल्ली कुठं असते?"

"माझ्या पर्समध्ये. आणि पेट्रोल तुम्हीच काढून नेलंत, घरात नको म्हणून."

मी टाकी हलवून पाहिली. कोरडी होती. गाडी ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेज पेंगुळलं होतं. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या खाली उतरल्या होत्या, त्यांत धूळ सावकाश तरंगत होती. कोपऱ्यातून टिक असा आवाज आला. मी जाऊन हात लावला आणि झटकन मागं घेतला. इंजिन भाजत होतं. टायरच्या खाचांत बारीक पांढरी वाळू होती. आमच्या आसपास कुठंच तशी वाळू नाही.

त्यानंतर रोज. आणि रोज टिकटिक आदल्या दिवशीपेक्षा जास्त वेळ चालायची. जितका लांबचा पल्ला, तितकं मुरलेलं तापणं. हे कुणालाही कळेल.

एकदा वेळेआधीच, इंजिन गारठलेलं असताना, मी स्क्रूड्रायव्हर लावून बसलो. आत वारा होता. खूप दूर, एका लयीत पळणारं इंजिन होतं. टॅपेट छान वाजत होते. आणि त्या ठेक्यावर मास्तर गुणगुणत होते, नेहमीसारखे, अर्धा सूर खाली. खोटं का बोलू, भीती वाटली नाही. झोपेत कुणी आपल्या अंगावर पांघरूण घालावं, तसं वाटलं.

वहिनींना सांगितलं. त्या दचकल्या नाहीत.

"त्याच वेळेला त्यांचे हात गार पडतात," त्या म्हणाल्या. "मी चोळत बसते. मग ऊब येते. पण हल्ली फार उशिरा येते."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"वाट बघा म्हणतात." त्यांनी बोटातलं अंगुस्तान काढलं, पुन्हा घातलं. "कुणाची वाट आणि कुठली, ते सांगत नाहीत. भाऊजी, एक दिवस हे माघारी वळणारच नाहीत. तुम्ही गाडी बंद पाडा."

"लांब असताना बंद पडली तर?"

"म्हणून तर तुमच्याकडे आणली. घराजवळ आले की पाडा. चालत येतील. पायी यायचा कंटाळा त्यांना जन्मात नव्हता."

दुसऱ्या दिवशी वहिनी हॉस्पिटलात बसल्या, मी गाडीपाशी. स्पार्क प्लगला पाना लावून ठेवला आणि डोळे मिटले.

आधी चढ लागला. इंजिन ओढत होतं. मग सपाटी. मग बराच वेळ नुसता वारा. गुणगुण बारीक होत होत गेली, आणि माझ्या तोंडात नाम आलं, ते मी सुटू दिलं नाही.

मग गाडी वळली.

उतार लागला. आवाज मोकळा झाला. येतंय, येतंय, म्हणत मी पान्यावर हात ठेवला.

आणि पोटातून ठक आली.

परत ठक. उतारावर ठक येत नाही. ती ओझ्याची असते. मी श्वास धरून ऐकलं. जाताना गाडीवर एक माणूस होता.

येताना दोन होते.

मी प्लग काढला.

गॅरेजमध्ये इतकी शांतता झाली, की तरंगती धूळसुद्धा थांबल्यासारखी वाटली.

दिवेलागणीला वहिनींचा फोन आला. त्या नुसत्या रडत होत्या. मागून मास्तरांचा आवाज आला. ते पाणी मागत होते.

माझी गाडी काढायलाही न थांबता मी रिक्षा पकडून तडक हॉस्पिटलात गेलो. मास्तर उशीला टेकून बसले होते. पांघरुणाबाहेर पाय होते; तळव्यांना फोड आले होते आणि बोटांच्या बेचक्यांत पांढरी वाळू होती. वहिनी ओल्या फडक्यानं ती पुसत होत्या.

"अरे, गाडी बंद पडली," मास्तर मला म्हणाले. आवाज चिरका झाला होता. "शेवटचा तुकडा पायी आलो."

"मागं कोण होतं, मास्तर?"

"वाटेत हात केला, म्हणून घेतलं. चांगला माणूस. म्हणाला, तुमच्या घरापर्यंतच यायचंय. गाडी बंद पडल्यावर त्यानं खाली वाकून इंजिनाला कान लावला. तुझ्यासारखाच, डोळे मिटून. म्हणाला, प्लग मुद्दाम काढलाय, आणि ज्यानं काढला त्याचा कान फार चांगला आहे. मग मला म्हणाला, तुम्ही व्हा पुढं. मी दुसरी गाडी बघतो."

वहिनींचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा पुसू लागला.

मी गॅरेजवर परतलो. मास्तरांची गाडी कोपऱ्यात गार आणि मुकी होती. माझी गाडी दाराशी सकाळपासून होती तिथंच उभी. हात लावून पाहिलं. गार. स्क्रूड्रायव्हर लावला. काही नाही.

मी देवाचे आभार मानले, किल्ली फिरवली आणि बसायला पाय टाकला, तेव्हा दिसलं. माझ्या गाडीवर मी कधी कुणाला मागं घेत नाही. मागचे फूटरेस्ट गंजून मिटलेले आहेत, हातानं उघडत नाहीत.

दोन्ही खाली होते.